पंधरा मिनिटांचा समुद्र

पावसाळा सरून समुद्राचे पाणी निवळू लागले की मालवण, तारकर्ली आणि देवबागच्या किनाऱ्यांवर पर्यटकांची वर्दळ सुरू होते. शुक्रवारी रात्री मुंबईहून कोकण रेल्वेने किंवा पुणे-कोल्हापूरहून घाट उतरून निघालेली मंडळी शनिवारी सकाळी किनारा गाठतात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यात स्कूबा डायव्हिंगचा अनुभव घेतात आणि रविवारी रात्री परतीच्या वाटेला लागतात. एकेकाळी मोजक्या हौशी मंडळींपुरता असलेला हा छंद आता मध्यमवर्गीय कुटुंबांच्या सुट्टीचा ठरलेला कार्यक्रम झाला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश झाला, त्यात सिंधुदुर्गही आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत नौदलाने आपली सेवानिवृत्त युद्धनौका ‘गुलदार’ महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हवाली केली. निवती खडकाजवळ ती समुद्रतळावर बसवून पाण्याखालील संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभारण्याचा बेत आहे. या दोन घटनांमुळे या किनाऱ्याकडे वळणारी पावले वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पर्यटन वाढावे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो पाण्याखाली जाण्याच्या शिस्तीचा. समुद्रात उतरणाऱ्यांची संख्या जितक्या वेगाने वाढली, तितक्या वेगाने ही शिस्त वाढलेली नाही. या विसंगतीची किंमत पर्यटक, स्थानिक व्यावसायिक आणि समुद्रतळावरील प्रवाळ अशा तिघांनाही मोजावी लागते. ती टाळायची, तर नियमावलीत आणखी चार कलमांची भर घालून भागणार नाही. डायव्हिंग क्लबांनी जगभर रुजवलेली कार्यपद्धती आपल्या किनाऱ्यावर आणता येईल का, याचा विचार व्हायला हवा.

अनुभव आणि प्रशिक्षण

मालवणात बहुसंख्य पर्यटक घेतात तो स्कूबाचा ‘अनुभव’ असतो, प्रशिक्षण नव्हे. नौकेत किंवा उथळ पाण्यात तोंडाने श्वास घेण्याचा सराव, दोन-चार हातखुणा, आणि मग पाठीवर सिलिंडर चढवून मार्गदर्शकाच्या आधाराने वीस-पंचवीस फुटांपर्यंतची बुडी. पंधरा-वीस मिनिटांत सारे आटोपते. सोबत छायाचित्रे आणि चित्रफीत मिळते. ‘पोहता येत नसले तरी चालेल’ हे या व्यवसायाचे सर्वांत प्रभावी घोषवाक्य आहे, आणि त्यात तांत्रिकदृष्ट्या खोटे काही नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवरही अशा पहिल्या बुडीसाठी पोहता येण्याची अट नसते. मात्र तेथे ती बुडी १२ मीटरपेक्षा खोल नसावी, एका प्रशिक्षकामागे मोजकीच माणसे असावीत आणि बुडीपूर्वी प्रत्येकाच्या प्रकृतीची लेखी विचारपूस व्हावी, अशा अटी असतात. त्या किती कसोशीने पाळल्या जातात, यावरच त्या अनुभवाची सुरक्षितता अवलंबून असते.

क्लबची सहल याहून वेगळी. तिची सुरुवात समुद्रावर होत नाही, शहरातल्या जलतरण तलावात होते. पाण्याखालील दाबाचे शास्त्र, साधनांची जोडणी, मास्कमध्ये शिरलेले पाणी बाहेर काढणे, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर पुन्हा पकडणे, जोडीदाराची हवा संपल्यास त्याला आपली हवा देणे, या साऱ्याचा सराव आधी तलावात होतो. प्राथमिक प्रमाणपत्रासाठी किमान २०० मीटर पोहून दाखवावे लागते, दहा मिनिटे पाण्यावर तरंगत राहावे लागते आणि त्यानंतर खुल्या पाण्यात चार बुड्या पूर्ण कराव्या लागतात. मग मिळणारे प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतच्या बुडीसाठी असते. मुंबई-पुण्यातील अनेक हौशी मंडळी तलावातील भाग शहरात संपवून समुद्रातील बुड्यांसाठी शनिवार-रविवारी मालवण, गोव्याचे ग्रँड आयलंड किंवा कर्नाटकातील मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी बेट गाठतात.

जॅक कूस्तो आणि एमिल गाग्नाँ यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये ‘अ‍ॅक्वालंग’ सिद्ध केले आणि सामान्य माणसाला पाण्याखाली मुक्तपणे श्वास घेता येऊ लागला. त्यानंतर दहाच वर्षांत, १९५३ मध्ये, ब्रिटनमध्ये ‘ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब’ स्थापन झाला. गावोगावच्या शाखा, अनुभवी सभासदांनी नवख्यांना विनामोबदला शिकवणे आणि सुट्टीच्या दिवशी एकत्र सहलीला जाणे, असे त्याचे स्वरूप आहे. ब्रिटनचा किनारा मालवणसारखा उबदार नाही. थंडगार पाणी, जोरकस भरती-ओहोटी आणि धूसर दृश्यमानता यांच्याशी तेथील हौशी मंडळींना सामना करावा लागतो, त्यामुळे शिस्तीविना तेथे निभावच लागला नसता. सहलीचा एक प्रमुख आधीच ठरतो. वारा आणि भरतीचे वेळापत्रक पाहून बुडी मारायची की नाही, याचा निर्णय तो देतो आणि त्याचा नकार अंतिम असतो. पाण्यात उतरणाऱ्यांच्या जोड्या ठरतात, प्रत्येक जण आपल्या जोडीदाराची साधने तपासतो. कमाल खोली, कमाल वेळ आणि किती हवा शिल्लक असताना परत फिरायचे, हे नौकेवरच निश्चित होते. परतल्यावर माणसे मोजली जातात आणि नोंदवहीत नोंद होते.

या पद्धतीतील सर्वांत अनुकरणीय भाग मात्र अपघातांच्या नोंदीचा आहे. हा क्लब दरवर्षी अपघातांचा आणि थोडक्यात टळलेल्या प्रसंगांचा अहवाल कोणाचेही नाव न घेता प्रसिद्ध करतो. कोणाला दोषी ठरवणे हा त्यामागचा उद्देश नसून, एकाच्या चुकीतून इतरांनी शिकावे हा असतो. आपल्याकडे अपघात झाला की गुन्हा नोंदवला जातो, काही दिवस व्यवसाय बंद राहतो आणि मग सारे पूर्ववत सुरू होते. जे अपघात थोडक्यात टळतात, त्यांची तर कोठेच नोंद राहत नाही.

उथळ पाण्याची भूल

वीस फूट म्हणजे काही फार खोल नव्हे, असा सर्वसाधारण समज आहे. शास्त्र वेगळे सांगते. समुद्रसपाटीवर हवेचा दाब एक वातावरण इतका असतो. दर १० मीटर खोलीमागे तो आणखी एका वातावरणाने वाढतो. १० मीटरवर तो दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट. म्हणजे दाबातील सर्वांत मोठा प्रमाणशीर फरक पृष्ठभागाजवळच्या पहिल्या काही मीटरांतच घडतो. सहा मीटर खोलीवर फुप्फुसात भरून घेतलेली सहा लिटर हवा पृष्ठभागावर येईपर्यंत प्रसरण पावून साडेनऊ लिटरांच्या पुढे जाते. श्वास सोडत सावकाश वर आल्यास ही जादा हवा आपोआप बाहेर पडते. घाबरून श्वास रोखून धरलेला माणूस झटक्यात वर आला, तर फुप्फुसांना इजा होऊ शकते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. भरल्या फुप्फुसांनी एक-दीड मीटर वर येणेही यासाठी पुरेसे ठरू शकते. घाबरलेला माणूस नेमका श्वासच रोखतो. न पोहणाऱ्या पर्यटकाला भीती वाटण्याची शक्यता अधिक असते आणि ती ओळखून त्याला वेळीच थोपवण्याचे काम पूर्णपणे मार्गदर्शकावर येते. एका मार्गदर्शकाने किती जणांना सांभाळायचे, या प्रश्नाचे गांभीर्य यात आहे.

कानाचे दुखणे ही त्यामानाने किरकोळ, पण कितीतरी अधिक आढळणारी तक्रार. पहिल्या दोन-तीन मीटरांतच कानाच्या पडद्यावर ताण येतो. नाक दाबून हवा कानाकडे ढकलली की तो कमी होतो. सर्दी झालेल्या माणसाला हे जमत नाही. दमा, हृदयविकार किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांबाबत विचारपूस न करता कोणालाही पाण्यात नेणे म्हणूनच धोक्याचे. शिवाय दाबजन्य विकारांवर उपचार करणारे विशेष कक्ष देशात मोजक्याच ठिकाणी आहेत. मुंबईत नौदलाच्या वैद्यकीय संस्थेत ही सोय आहे. मालवणहून तेथवर रुग्ण नेण्यात मोलाचे तास जातात. अशा वेळी नौकेवर शुद्ध ऑक्सिजन आणि तो देण्याचे ज्ञान असलेली व्यक्ती असणे हा फार मोठा आधार ठरतो.

शनिवार-रविवारच्या सहलीचे गणितही या शास्त्राशी जोडलेले आहे. खोल आणि वारंवार बुड्या मारणाऱ्याच्या शरीरात नायट्रोजन विरघळून राहतो. तो बाहेर पडण्यास वेळ लागतो. त्यामुळे एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि लागोपाठच्या बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा सर्वमान्य दंडक आहे. रविवारी दुपारपर्यंत समुद्रात राहून गोव्याहून संध्याकाळचे विमान पकडण्याचा बेत त्यात बसत नाही. घाटमाथ्यावरून घरी जाणाऱ्यांनाही हा विचार करावा लागतो, कारण आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. सरावलेला क्लब खोल बुड्या शनिवारी उरकतो आणि रविवार सकाळ मोकळी किंवा उथळ पाण्यासाठी ठेवतो. पंधरा मिनिटांच्या उथळ बुडीत हा धोका अत्यल्प असतो. मात्र मालवणात खोल बुड्यांचे प्रमाण वाढू लागले, की ही माहिती प्रत्येकाला असावी लागेल.

धोका पाण्याखाली, की नौकेवर?

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी २० जणांची नौका उलटली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. पर्यटकाच्या मनात भीती असते ती पाण्याखालच्या जगाची. येथे घात झाला तो परतीच्या वाटेवर, किनारा जवळ आलेला असताना. दिवस मेअखेरचे होते. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्राचा स्वभाव पालटू लागतो. त्याच वेळी शाळांच्या सुट्ट्या संपत आलेल्या असल्याने गर्दी शिगेला पोहोचलेली असते. निसर्गाचा हंगाम सरत येतो, तेव्हाच बाजाराचा हंगाम भरात असतो आणि तांडेलाला ‘आज नको’ म्हणणे सर्वाधिक अवघड जाते ते याच दिवसांत.

क्लबच्या सहलीत नकार देणाऱ्याचे आर्थिक नुकसान होत नाही. येथे मात्र ज्याने नकार द्यायचा, त्याचीच दिवसाची कमाई बुडते. शेजारच्या नौकेने तेच गिऱ्हाईक घेतले, तर नकार देणारा मूर्ख ठरतो. म्हणून हा निर्णय एकेकट्या व्यावसायिकाच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोपवता येत नाही. तो सर्वांना एकाच वेळी बंधनकारक असायला हवा.

या ठिकाणी शासकीय जबाबदारीची विभागणी आड येते. प्रवासी नौकांचा परवाना हा सागरी मंडळाचा विषय, अभयारण्य वन खात्याचे, मासेमारी नौकांची नोंद मत्स्यव्यवसाय खात्याकडे, पर्यटनाचा प्रसार पर्यटन विकास महामंडळाकडे आणि दुर्घटना घडल्यावर तपास पोलिसांकडे. प्रत्यक्ष बुडीवर कोणाची देखरेख, या प्रश्नाचे एकच एक उत्तर सापडत नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांची नोंदणी आणि सुरक्षिततेचे निकष यांची चौकट आखली, हे पाऊल योग्यच होते. तारकर्लीत महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे, तेथे प्रशिक्षणासाठी खास तलाव बांधण्यात आला आहे. म्हणजे ज्ञानाचा अभाव आहे असे नाही. ते ज्ञान किनाऱ्यावरच्या प्रत्येक नौकेपर्यंत पोहोचवून त्याची रोजच्या रोज तपासणी करणारी यंत्रणा मात्र तोकडी पडते.

प्रवाळांची बाजू

मालवणचा समुद्र हे कायद्याने संरक्षित क्षेत्र आहे, याचा अनेक पर्यटकांना पत्ताही नसतो. १३ एप्रिल १९८७ रोजी येथे सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून, त्यातील ३.१८ चौरस किलोमीटरच्या गाभा क्षेत्रात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतीचा परिसर येतो. २००१ मध्ये प्रवाळांचा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, तेच कागदोपत्री या इवल्या जीवांना लाभले.

व्यवहारात चित्र निराळे आहे. डायव्हिंगची लोकप्रिय ठिकाणे या संरक्षित पाण्यातच आहेत. नौकेचा नांगर टाकला की तळावरच्या प्रवाळांवर आघात होतो. तरंगण्यावर ताबा नसलेला नवखा माणूस आधारासाठी खडक धरतो, पाय टेकवतो, पायाच्या फिन्सने गाळ उडवतो. छायाचित्रात मासे यावेत म्हणून त्यांना पाव-बिस्किटे खाऊ घालण्याचे प्रकारही घडतात आणि त्याने माशांच्या सवयी बिघडतात. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मालवणच्या अभयारण्यात डायव्हिंगमुळे प्रवाळांची होणारी मोडतोड अभ्यासून त्यावरील शोधनिबंध २०२० मध्ये प्रसिद्ध केला. उत्तरदायित्वाचा अभाव हे त्यांच्या विवेचनाचे मुख्य सूत्र होते.

प्रवाळांची वाढ अतिशय संथ असते. क्षणात मोडलेला तुकडा पूर्ववत होण्यास वर्षानुवर्षे लागतात. त्यात समुद्राच्या वाढत्या तापमानाची भर पडली आहे. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रवाळ पांढरे पडण्याच्या चौथ्या जागतिक लाटेची घोषणा केली. तापमानवाढ रोखणे मालवणच्या हाती नाही. नांगर कोठे टाकावा, हे मात्र नक्कीच आहे.

मच्छीमारांना वगळून नव्हे

या प्रश्नाचा विचार स्थानिक मच्छीमारांना बाजूला ठेवून करता येणार नाही. अभयारण्य घोषित झाले तेव्हापासून त्याला मच्छीमारांचा विरोध राहिला आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात जाळी टाकली, ते पाणी परवानगीविना संरक्षित ठरवले गेले, ही त्यांची भावना निराधार म्हणता येत नाही. पर्ससीन नौकांच्या स्पर्धेत रापणकार आणि छोटे मच्छीमार आधीच जेरीस आले आहेत. अशा वेळी त्यांच्या तरुण मुलांना स्कूबाने गावातच रोजगार दिला. या समुद्रातील खडक, प्रवाह आणि वाऱ्याचे रोख यांची त्यांना असलेली जाण कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जुनी आहे.

या तरुणांच्या हाती नसलेली गोष्ट म्हणजे दर. मुंबई-पुण्यातील दलाल, हॉटेले आणि इंटरनेटवरील सवलतींच्या चढाओढीत बुडीचा दर खाली खेचला जातो. दर उतरला की नफा टिकवण्यासाठी फेऱ्या वाढवाव्या लागतात, नौकेत माणसे वाढवावी लागतात, एका मार्गदर्शकाकडे अधिक पर्यटक द्यावे लागतात. नव्या जाकिटाची, सिलिंडरच्या तपासणीची, ऑक्सिजनच्या संचाची खरेदी पुढे ढकलली जाते. किनाऱ्यावरील बेशिस्तीचे मूळ बव्हंशी या स्वस्ताईत आहे आणि त्या स्वस्ताईला घासाघीस करणारा शहरी पर्यटकही तितकाच जबाबदार आहे. केवळ कडक निकष लादले, तर भांडवल असलेले बाहेरचे व्यावसायिक टिकतील आणि गावचा तरुण त्यांच्याकडे नोकर म्हणून राबेल. निकषांसोबत स्थानिकांना सवलतीचे प्रशिक्षण, साधनांसाठी सुलभ कर्ज आणि सर्वांनी मिळून पाळायचा किमान दर, असे सूत्र असल्याखेरीज सुधारणा टिकणार नाही.

‘गुलदार’ची कसोटी

या पार्श्वभूमीवर ‘गुलदार’ प्रकल्पाकडे पाहायला हवे. सुमारे ८४ मीटर लांबीची ही नौका १९८५ मध्ये नौदलात दाखल झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. बुडालेल्या जहाजाभोवती काही वर्षांत सागरी जीवांची वस्ती होते, असा जगभरचा अनुभव आहे. नैसर्गिक प्रवाळांवरील गर्दीचा भार त्यामुळे हलका होऊ शकतो. परंतु जहाजाभोवतीची बुडी ही किल्ल्यालगतच्या उथळ बुडीपेक्षा सर्वस्वी वेगळी. जहाजाच्या आत शिरलेल्या माणसाला अडचण आल्यास थेट वर येता येत नाही. वाट चुकण्याची, गाळ ढवळून समोरचे दिसेनासे होण्याची, साधने अडकण्याची शक्यता असते. शिवाय निवतीचा खडक खुल्या समुद्रात आहे. मार्गदर्शकाचा हात धरून पंधरा मिनिटांत उरकण्याचा हा कार्यक्रम नव्हे.

या प्रकल्पातील संधीही याच अडचणीत दडलेली आहे. जहाजाजवळची बुडी केवळ प्रमाणपत्रधारकांसाठी राखून ठेवली आणि जहाजाच्या आत जाण्यासाठी विशेष प्रशिक्षणाची अट घातली, तर मालवणात आजवर कमी असलेला एक वर्ग आकृष्ट होईल. तो म्हणजे वर्षातून तीन-चार वेळा क्लबसोबत येणारा, दोन रात्री मुक्काम करणारा, चार-पाच बुड्या मारणारा आणि चांगल्या सेवेसाठी योग्य दाम मोजणारा पर्यटक. कमी माणसांकडून अधिक उत्पन्न, हे गणित समुद्राला आणि गावाला दोघांनाही मानवणारे आहे. असा नियमित पर्यटक समुद्रावर लक्षही ठेवतो. ब्रिटनमध्ये हौशी डायव्हर ‘सीसर्च’ उपक्रमातून सागरतळाच्या नोंदी करतात आणि संवर्धनासाठी त्यांचा उपयोग होतो. आपल्याकडील क्लबांनी मालवणच्या प्रवाळांची अशी नोंद ठेवल्यास वन खात्याला ती विनामूल्य उपलब्ध होईल.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. डायव्हिंगच्या प्रत्येक ठिकाणी कायमस्वरूपी बोये बसवून नांगर टाकण्यास बंदी घालता येईल. प्रत्येक ठिकाणची दैनंदिन संख्या ठरवून देता येईल. समुद्र उघडा की बंद, याचा निर्णय रोज सकाळी एकाच अधिकाऱ्याने घेऊन तो सर्व नौकांना लागू करता येईल. परतलेल्या माणसांची मोजणी, प्रत्येक नौकेवर ऑक्सिजन आणि दरवर्षी अपघातांचा जाहीर अहवाल, या गोष्टी सक्तीच्या करता येतील. पर्यटकानेही दर विचारण्याआधी प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र, एका मार्गदर्शकामागे किती माणसे आणि नौकेत लाइफ जॅकेट पुरेशी आहेत का, हे विचारायला हवे.

किल्ले सिंधुदुर्गची पायाभरणी १६६४ मध्ये झाली. खडकाळ तळ आणि लपलेले खडक यांची नेमकी माहिती असलेल्या स्थानिक दर्यावर्दींना सोबत घेतल्यामुळेच ती जागा निवडता आली आणि तीन वर्षांत दुर्ग उभा राहिला. आज त्याच पाण्यावर नवा व्यवसाय उभा राहत असताना ही जाण आणि आधुनिक डायव्हिंगची शिस्त यांची सांगड घालण्याचे काम शासन, मच्छीमार आणि पर्यटक या तिघांनी मिळून करायचे आहे. ‘गुलदार’भोवती पर्यटकांची गर्दी होण्याआधीच ते व्हायला हवे. दुर्घटनेनंतर केलेल्या नियमांची आपल्याकडे वाण नाही. ते आधी करण्याची सवय मात्र अजून लागायची आहे.